मोरपंखीचं दावं

बोन्सायचा नाद मला मोबाइलनं लावला. कुणी एक जपानी म्हातारा झाडाच्या फांदीभोवती तार गुंडाळतो, फांदी हळूच वाकवतो, आणि वीतभर झाड एकदम पुरातन दिसायला लागतं, हे मी जेवता जेवता पाहिलं आणि म्हणालो, यात काय अवघड आहे? माझ्या बहुतेक फजित्यांची सुरुवात याच वाक्यानं झालेली आहे, हे बायकोला पाठ असल्यामुळे तिनं नुसतं माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघतो. म्हणजे झाडाझुडपांशी माझा संबंध पाकिटावरच्या चित्रापुरता. जपानी लोक वापरतात ती झाडं जालन्याच्या उन्हात टिकायची नाहीत, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं आणि मोरपंखी दिली. तीही त्याच गोत्रातली. शाळेत आम्ही विद्या येते म्हणून तिची पानं पुस्तकात ठेवायचो. माझ्या पुस्तकांत पुष्कळ होती. जाऊ द्या.

त्याच सुमारास सासरे आमच्याकडे जालन्यात, मस्तगडला होते. सासूबाई गेल्यापासून गावी, केदारखेड्याला एकटेच असत. बांधावरून पाय घसरून पडले, हात मोडला, म्हणून बायकोनं त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं होतं. हात मोडलेला होता तोवर गप्प राहिले. प्लास्टर निघालं आणि त्यांची पिशवी दाराशी येऊन बसली.

"लेकीच्या घरी पाणी पिऊ न्हाई म्हणतेत, पाव्हणं," ते मला म्हणाले. "मी तं बसून जेवून राह्यलो."

बायकोच्या जिवाला घोर. तिकडे पुन्हा पडले तर कळणार कुणाला? मग ती रोज एक सबब काढायची. आज अमावास्या, उद्या डॉक्टरांना दाखवायचंय, परवा एसटीचा भरवसा नाही. सबबी संपत आल्या होत्या.

अशात एका रविवारी मी गच्चीवर मोरपंखीला तार गुंडाळत होतो. बोन्सायची म्हणून मिळते ती मऊ तार मी आणली नव्हती. सळयांच्या कारखान्यांच्या जालन्यात राहून तार काय विकत आणायची? लोखंडी सळया बांधतात ती तार जुन्या जालन्यातल्या एका ओळखीच्या दुकानातून उचलली होती. तिनं फांदीआधी माझी बोटं वाकवली.

सासरे येऊन शेजारी उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले.

"हिला काहून बांधून राह्यले?"

"वळण लावतोय, मामा."

"वळण." त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ते लहानपणी लावतेत. राह्यलं की राह्यलं."

मी हसलो. झाडाबद्दल बोलत असावेत, असं त्या वेळी वाटलं होतं.

पुढचे कित्येक दिवस फांदी काही वळेना. संध्याकाळी यावं तर तार बरोबर जागेवर, पण फांदी तार लावलीच नव्हती अशी सरळ. कधी कधी वेढे उलट्या बाजूनं वाटायचे. मी पुन्हा व्हिडिओ बघितले. जास्त जाड तार लावली. एक दगड लटकवून पाहिला. शेवटी निष्कर्ष काढला की ही मोरपंखी स्वभावानंच हट्टी आहे. बायको म्हणाली, घरात एक आहेच. यात एवढंच चांगलं होतं की सासऱ्यांनी जायचं नाव काढणं बंद केलं होतं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा डबा विसरलो म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आलो. गच्चीवरून बोलणं ऐकू आलं. वर गेलो तर सासरे मोरपंखीची तार उलगडत होते.

"चर माय आता," ते तिला म्हणत होते. "सांजच्याला येतो."

मला पाहून ते जराही दचकले नाहीत.

"मामा, तुम्ही रोज सोडता हिला?"

"मंग? दिवसभर दावणीला ठेवलं तं चरन कव्हा? तुम्ही यायच्या आत बांधतो की बराबर. तुमच्यापेक्षा कसून बांधतो."

इथं शहाण्या माणसानं डबा घेऊन खाली जायला हवं होतं. मी ज्ञान पाजळलं. तार महिनोन्‌महिने काढायची नसते, लाकूड त्या आकारात पक्कं व्हावं लागतं, हिला हातच लावायचा नसतो, असं सगळं ऐकवलं. त्यांनी तार होती तशी गुंडाळली.

"म्हंजी हितं काई कामच न्हाई," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पिशवी दाराशी. बायकोला कारण कळल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. पण भांडी बोलत होती. शेवटी म्हणाली, "महिनाभर मी डोकं खाजवून सबबी शोधल्या. त्या झाडानं त्यांना थांबवलं होतं. आणि तुम्ही जाऊन त्यांना जपान शिकवलं."

सकाळी खाली रिक्षा येऊन उभी राहिली. सासरे म्हणाले, जाता जाता तिला एकदा बघून येतो. "तिला" म्हणजे मोरपंखीला. वर गेले ते येईनात. मग हाक आली.

"पाव्हणं. पक्कड घेऊन या. जल्दी."

झाडाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडं, एक करंगळीएवढी फांदी होती. पहिल्या उत्साहात मी तिलाही तार घातली होती आणि साफ विसरलो होतो. ती त्यांच्याही नजरेतून सुटली होती. फांदी फुगली होती आणि तार सालीत पार रुतली होती.

"हे कोणी केलं?"

"मीच."

त्यांनी पक्कड घेतली आणि एकेक वेढा तोडून काढला. ओढला नाही, तोडून काढला. मग सालीवरून अंगठा फिरवला.

"वासरू वाढतं पाव्हणं, दावं वाढत न्हाई. रोज मानेला हात लावून बघावं लागतं. तुम्ही बघता?"

"मी ऑफिसात असतो, मामा. आणि मला दिसतही नाही."

ते खरंच होतं. चष्मा लावूनही मला ती फांदी इतके दिवस दिसली नव्हती.

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. सासरे उठले नाहीत. बाकीच्या फांद्या चाचपू लागले, एकेक तार नखानं उचलून बघत.

"बांधलेलीच ठेवतो," ते म्हणाले. "तुमचं जपान म्हणतं तं. पर रोज बघणार. रुतली की सोडणार, तुम्हाला विचारणार न्हाई."

"नका विचारू."

बायको जिन्यात उभी होती. केव्हाची, कोण जाणे.

"माय," ते तिला म्हणाले, "त्या रिक्षावाल्याला म्हण, जाय बाबा. आन् चहा टाक."

"लेकीच्या घरचा?" तिनं विचारलं.

"कामावरचा," सासरे म्हणाले, आणि मला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी त्यांच्या उजेडात उभा होतो.