ओरखडा दाखवा, शेठ

सुमनआक्का माणसाचा चेहरा नंतर बघायच्या. आधी त्याची पिशवी, पाकीट, चप्पल. खोपटच्या एसटी डेपोमागे त्यांची पत्र्याची शेड होती. मोटारींच्या आतलं खरचटलेलं प्लॅस्टिक त्या होतं तसं करून द्यायच्या. डॅशबोर्डवर चामड्यासारखा बारीक दाणा असतो. ओरखडा बुजवणं सोपं. पण बुजवलेली जागा गुळगुळीत राहिली की डोळ्यांत भरते. म्हणून ती गरम असतानाच वरून चामड्याचा तुकडा दाबून तसाच दाणा उमटवायचा. त्यासाठी जुन्या पट्ट्यांचे, पाकिटांचे तुकडे त्या डब्यात जमवून ठेवत. रस्त्यात अनोळखी बाईला थांबवून, "पर्स फाटली की टाकू नका हां, मला आणून द्या," असं बिनदिक्कत सांगत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डेपोवर पत्रकं वाटत होते. आक्कांनी पत्रक घेतलं, पण बोटं फिरवली ती माझ्या पिशवीवर.

"काय गं, ही देणार?"

"बाबांची आहे."

"मग फाटेपर्यंत थांबते."

बाबा कल्याणच्या एका छापखान्यात होते. कामगारांची पत्रकं ते त्याच चामडी पिशवीतून वाहायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. अन्याय दिसला की कागद पुढे ओढायचा, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

आक्कांचे यजमान गाड्यांची कुशनं शिवायचे. ते गेल्यावर शेड आक्कांनी चालवली. गिऱ्हाईक यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि विचारायचं, "कारागीर कुठंय?" आक्का म्हणायच्या, "समोर उभा हाय. मिशी तेवढी घरी ठेवून आलाय." स्वतःच्या कामाचा त्यांना भारी तोरा. "माझं काम दिसलं, तर मी केलंच नाय समजा," हे त्या प्रत्येकाला ऐकवत. मला तो तोरा फार आवडायचा. हातात कसब असलेल्या बाईने मान खाली का घालावी?

एका दुपारी कळव्याचा अनंता रडवेला होऊन आला. तो आक्कांच्या चाळीतला, डोंबिवलीच्या एका कारखानदाराकडे ड्रायव्हर. टेम्पोचं भाडं वाचवायला शेठने नव्याकोऱ्या गाडीतच लोखंडी पाइप भरायला लावले होते. ब्रेक लागताच पाइप पुढे सरकले आणि डॅशबोर्डवर हातभर ओरखडा उठला. शेठने बजावलं होतं, "उद्या ओरखडा दिसला, तर चावी ठेवायची आणि घरी जायचं." अनंताच्या बायकोला सातवा महिना होता.

माझं डोकं फिरलं. तिथेच बसून मी पत्रक लिहायला घेतलं. आक्कांनी ते वाचलं. "झकास लिवलंस. छाप. पण तुझं पत्रक निघणार परवा आन् याची भाकरी जातेय उद्या." मग त्यांनी डबा उपडा केला. एकेक तुकडा डॅशबोर्डला लावून पाहिला. एकाचाही दाणा जुळेना. शेवटी त्यांची नजर माझ्या पिशवीवर आली. पण मागितली नाही त्यांनी.

मी आतली पत्रकं बाहेर काढली आणि पिशवी पुढे केली. पिशवीच्या झाकणातून आक्कांनी काडेपेटीएवढा तुकडा कापला. त्याच रंगाचं प्लॅस्टिक वितळवून ओरखडा भरला, घासला, ऊब दिली आणि बाबांच्या पिशवीचा दाणा अंगठ्याने दाबत दाबत कडेपर्यंत नेला. अंधार पडायच्या आत काम झालं.

सकाळी गाडी पोचती करायला त्यांनी नकार दिला. चावी कमरेच्या बटव्यात टाकून निरोप धाडला, "शेठला म्हणावं, इथं या." शेठ रिक्षाने आला. चहाला जमलेले एसटीचे ड्रायव्हर भोवती उभे राहिले.

"गाडी सुधारली असेल बाई," शेठ म्हणाला, "पण हा माणूस निष्काळजी आहे. मला नको."

"कशात निष्काळजी?"

"ओरखडा पाडला ना!"

"कुठं? ओरखडा दाखवा, शेठ. मग माणूस काढा."

शेठने डोळे बारीक केले. खिडकीच्या बाजूने पाहिलं, मग बोटं फिरवली, मग नखाने चाचपलं. एसटीवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "भिंग आणू का?" आक्का गंभीरच. "आता पाइप गाडीत कुणी भरायला लावले, ते इचारू सगळ्यांसमोर?"

शेठने हात पुढे केला. आक्कांनी चावी त्या हातात न देता अनंताकडे फेकली. "चल, शेठना घेऊन जा."

माझं पत्रक परवा निघालंच. मथळा आक्कांचा होता.

पिशवीला त्यांनी ठिगळ लावून दिलं, एसटीच्या सीटच्या लालभडक रेक्झिनचं. "काळं नव्हतं का?" मी विचारलं. "होतं की. पण तुझं दिसू दे. तुला कोण काढतंय कामावरून?"

आक्का गेल्या तेव्हा कळव्याला बुद्धवंदना संपल्यावर अनंताने मला स्टेशनपर्यंत सोडलं. गाडी शेठची तीच, आता जुनी झालेली. मांडीवर लाल ठिगळाची पिशवी ठेवून मी पुढच्या सीटवर बसले आणि न राहवून डॅशबोर्डवर बोटं फिरवू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेच काही लागेना.

"कुठे होता रे?"

अनंताने डोळे पुसले आणि गिअर टाकला. "नाय सांगणार, ताई. आक्का ओरडंल."