सांग, तुया कोनत्या

नसबंदीच्या शिबिराच्या दिवशी मावशी दोन्ही हात पुढे करायची, बोटं एकत्र आवळून धरायची आणि म्हणायची, "घाल, बाई." मग समोरची बाई आपल्या बांगड्या काढून एकेक करत मावशीच्या हातात चढवायची. दुपार होईतो मावशीचे हात मनगटापासून कोपरापर्यंत भरलेले असायचे. लाल, हिरव्या, चमकीच्या, लाखेच्या. एरवी फिकट लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची ही विधवा बाई त्या दिवशी नव्या नवरीसारखी खणखणत फिरायची.

ऑपरेशनच्या खोलीत बांगड्या चालत नाहीत. नर्स दारातच सांगते, "चूडी, बिछिया, सब उतारो." जोडवी आणि मंगळसूत्र सोबत आलेल्या नातेवाइकाच्या हवाली होतं. काचेच्या बांगड्या मात्र पिशवीत टाकल्या की एखादी तडकते, आणि टेबलावर जायच्या आधी बांगडी फुटली की बाईचा धीर जातो. सासूचा त्याच्याही आधी जातो. मावशीचं त्यावर एकच म्हणणं होतं. "काच हातातच जगते."

ती आमच्या वॉर्डातली आशा कार्यकर्ती. माहेर भंडाऱ्याकडचं. नवरा मँगनीजच्या खाणीत होता, तो गेल्यावर एका मुलीला घेऊन इथे मध्य प्रदेशात, बालाघाटातच राहिली. घरात बुद्धाची लहानशी मूर्ती, दारात तुळशीऐवजी कढीपत्ता. विधवेने बांगड्या घालू नयेत असं कोणी म्हटलं, की ती शांतपणे सांगायची, "आमच्यात नाही ते. तुमच्यात असन त तुमी नका घालू."

मी राइस मिलच्या वजनकाट्यावर काम करते. गाडी भरलेली किती, रिकामी किती, हे पाहून मगच कागदावर लिहायचं, ही सवय अंगात भिनली आहे. म्हणून मावशीची एक गोष्ट मला पहिल्यापासून पटली. ती बांगड्या घेताना चुकत नसे आणि परत देताना घाई करत नसे. ऑपरेशन झालेली बाई बाहेर आली, गादीवर झोपवली, की मावशी तिच्या डोळ्यांसमोर हात धरून विचारायची, "सांग, तुया कोनत्या?" बाईने बरोबर ओळखल्या तरच परत. भलतीकडे बोट गेलं तर मावशी म्हणायची, "अजून झोपेत हाय. झोपू द्या." तिच्या दृष्टीने, बांगड्या ओळखल्याशिवाय बाई शुद्धीवर आलेली नसे. डॉक्टर काहीही म्हणोत.

आमच्याकडे ही ऑपरेशनं हिवाळ्यात होतात. थंडीत टाके लवकर सुकतात अशी समजूत आहे, आणि धान कापून झालेलं असतं. सकाळी धुक्यातून जीप यायची, बायका शाली गुंडाळून बसायच्या. कोपऱ्यावरचा दुकानदार हटकून विचारायचा, "काय मावशी, आज किती केस?"

"केस डोक्शावर रायते," मावशी म्हणायची. "ह्या पोरी होत."

माझं ऑपरेशनही तिच्यासोबतच झालं. दोन मुलं झाली होती, तिसरं नको होतं, एवढाच विचार होता. भीती वाटणार नाही असं घरी सांगून निघाले होते, पण टेबल इतकं गार होतं की पाठीला लागताच मला सगळं सोडून पळावंसं वाटलं. इंजेक्शननंतर जीभ जड झाली, वरचा दिवा पसरत गेला. पोटात कोणीतरी आत ओढतंय असं कळत होतं आणि ओरडता येत नव्हतं. पुढचं आठवत नाही. आठवतो तो आवाज. खूप लांबून बांगड्या वाजत होत्या, आणि माझ्या मनात आलं, कोणाचं तरी लग्न आहे. डोळे उघडले तर मावशीचा हात नाकासमोर.

"सांग, तुया कोनत्या?"

मी माझ्या लाल दाखवल्या. तिने त्या काढून माझ्या हातात घातल्या, तेव्हा मला रडू आलं. का, ते सांगता येत नाही. ज्यांना या टेबलावरून उतरल्याचा अनुभव आहे त्यांना कदाचित कळेल.

त्याच दिवशी मी पाहिलं, की सगळ्यांच्या बांगड्या परत गेल्या तरी मावशीच्या डाव्या हातात दोन उरल्या. मोरपंखी रंगाच्या, साध्या काचेच्या. पुढे लक्षात आलं की त्या रोजच असतात. वॉर्डात त्यावर कुजबुज होती. कोणी म्हणे, तिला हौस आहे. कोणी म्हणे, खाणीतल्या एका माणसाने दिल्या. मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

माझी धाकटी बहीण शालू रामपायलीला दिलेली. तीन मुली आणि एक मुलगा झाल्यावर तिने ऑपरेशनचं ठरवलं, आणि बालाघाटला माझ्याकडे आली. सोबत नवरा आणि सासू. मावशीने आधी नवऱ्यालाच धरलं.

"जावईबापू, तुमी काहून नाही करत? तुमचं त टाक्याबिगरचं रायते. संध्याकाळी घरी."

"मले नांगर हाकला लागते, मावशी. कमजोरी येते."

"नांगर काय त्याच्यानं हाकलता का?"

सासूने तोंडाला पदर लावला. शालू हसून हसून भिंतीला टेकली. जावई उठून अंगणात गेला आणि बराच वेळ सायकलची हवा पाहत बसला. पण जायचं शालूनेच, हे ठरलेलंच होतं. मावशीलाही ते माहीत होतं. ती प्रत्येक घरी विचारायची आणि प्रत्येक घरी तेच उत्तर घेऊन उठायची.

सकाळी जीपमध्ये चढण्याआधी मावशी दरवेळचा प्रश्न विचारायची. "जेवली का" असं नाही. "सकायपासून तोंडात काय गेलं?" चहा, तंबाखूचा खर्रा, मंजन, सगळं सांगावं लागे.

"काही नाही," शालू म्हणाली.

"पानी?"

"नाही ना, मावशी. खरंच काही नाही खाल्लं."

मावशीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हात पुढे केले. "घाल, बाई." शालूने रामपायलीच्या जत्रेत घेतलेल्या हिरव्या बांगड्या मावशीच्या उजव्या हातात चढवल्या. तिची बोटं थंड होती. ती मला म्हणाली, "ताई, लहान्याले झोपताना मांडीवर थापटा लागते. नाहीतर तो रात्रभर रडते."

"तू संध्याकाळी भेटशीलच की त्याला," मी म्हटलं.

व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. आत एकेक बाई जात होती, एकेक बाहेर येत होती. मावशीचा हात हळूहळू रिकामा होत चालला. लाल गेल्या, चमकीच्या गेल्या, लाखेच्या गेल्या. शालूच्या नंतर आत गेलेल्या बाईनेही आपल्या ओळखून घेतल्या. मला आकड्यांची सवय आहे. आत किती गेल्या, बाहेर किती आल्या, हे मी न ठरवताही मोजत होते. एक कमी होती.

तेवढ्यात नर्स धावत बाहेर आली आणि एक नळी घेऊन परत आत पळाली. दार लागायच्या आधी डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, "इसने कुछ खाया था क्या?"

मी उभी राहिले. मावशी माझ्या आधी उभी राहिली होती. पण ती दाराकडे गेली नाही. ती शालूच्या सासूसमोर जाऊन बसली, अगदी खाली, जमिनीवर.

"माय, खरं सांग. पोरीनं काय खाल्लं?"

"काहीच नाही."

"निंगताना हातावर काय देल्लं?"

सासू गोंधळली. "दही-साखर देल्ली. चांगल्या कामाले जाऊन राह्यली होती. तशीच कशी धाडू?"

"किती?"

"वाटीभर." मग तिचा चेहरा उतरत गेला. "ते खानं थोडीच होय, मावशी? तो त शकुन होय."

आमच्याकडे कोणी परीक्षेला निघो, नोकरीला निघो, दवाखान्यात निघो, दही-साखर दिल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. त्याला खाणं कोणीच म्हणत नाही. शालू खोटं बोलली नव्हती. सासूने सुनेला उपाशी पोटी पाठवायला मन होईना म्हणून चमच्याऐवजी वाटी भरली होती.

मावशी दाराशी गेली आणि दार ढकलून आत सांगून आली, "दही. वाटीभर. सकाळी." नर्स तिच्यावर ओरडली. दार पुन्हा बंद झालं. नंतर कळलं ते असं, की भूल चढत असताना शालूला उलटी झाली, ती श्वासात गेली, आणि तिचा रंग पालटला.

त्यानंतर आम्ही तिघी नुसत्या बसून होतो. जावई फाटकाजवळ उभा होता, आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. मावशीच्या उजव्या हातात शालूच्या हिरव्या होत्या आणि डाव्या हातात त्या दोन मोरपंखी. हात तिने मांडीवर उलटे ठेवले होते, जराही हलवत नव्हती. वाजू नयेत म्हणून असेल.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मावशी, या दोन कोणाच्या?"

तिने आवाज खाली केला. सासूला ऐकू जाऊ नये इतका.

"एका पोरीच्या. बिरसा गावाकडची होती. मी नवीन होती तवा. अशाच माया डाव्या हातात घातल्या तिनं, सहा होत्या. बाहेर आली, मी इचारलं, ओळखल्या नाही. पुन्हा इचारलं, ओळखल्या नाही. सारे मने, झोप हाय. मंग ताप चढला. गोंदियाले नेऊन राह्यलो होतो, वाटेतच गेली."

"आणि बांगड्या?"

"तिच्या नवऱ्याले द्याले गेली. त्यानं हात मागं घेतला. मंग कोनाले देऊ? फेकू कशी? काच हातातच जगते. चार फुटल्या. या दोन हायेत."

मला तेव्हा समजलं की तो प्रश्न ती का विचारते, आणि चुकीचं उत्तर आल्यावर बाईजवळून का उठत नाही. पण माझं मन त्या गोष्टीत राहिलं नाही. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते. हिरव्या बांगड्यांकडे. मला वाटत होतं, या तिच्या हातात राहू नयेत.

शालूला बाहेर आणलं तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून गेलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ कोरडे. डॉक्टर म्हणाले, "अब ठीक है, पर आज यहीं रखेंगे." सासू तिच्या पायांशी बसली आणि पाय चोळू लागली. डॉक्टर ठीक म्हणाले, म्हणून मी श्वास सोडला. मावशीने सोडला नाही.

तिने दोन्ही हात शालूच्या समोर धरले. "सांग बाई, तुया कोनत्या?"

शालूचे डोळे अर्धवट उघडले. तिचं बोट उठलं, हवेत थोडं फिरलं, आणि डाव्या हातातल्या मोरपंखी बांगड्यांवर जाऊन टेकलं.

मावशीने हात झटकन मागे घेतला. विस्तवाला लागल्यासारखा. "त्या नाही, माय. त्या तुया नाही. त्या सोड." तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. मग तिने डावा हात पदराखाली घेतला, आणि तिथेच, शालूच्या उशाशी भिंतीला टेकून बसली. जीप बाकीच्या बायकांना घेऊन गेली. तिच्या मुलीचा निरोप आला, शेजारीण बोलवायला आली. ती उठली नाही. थोड्या थोड्या वेळाने उजवा हात पुढे करायची. "सांग."

दिवे लागल्यावर शालूने मास्क बाजूला करायला लावला. म्हणाली, "मावशी, माह्या हिरव्या तुमी घालून बसल्या काय? जत्रेतल्या होत त्या. द्या इकडं."

मावशीने एकेक बांगडी काढून तिच्या हातात घातली. मग व्हरांड्याच्या नळाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. सासूने तिच्यासाठी चहा आणला. मावशी म्हणाली, "साखर जास्त टाकली ना?" सासू रडता रडता हसली.

शालू आता बरी आहे. थंडी पडली की खोकते, एवढंच. लहान्या शाळेत जातो.

गेल्या वर्षी मावशीच्या पोटात दुखू लागलं. पित्ताचे खडे निघाले. ऑपरेशन गोंदियाला ठरलं, मुलगी पुण्याहून निघाली होती, ती पोचेपर्यंत सोबत मी. दारात नर्स म्हणाली, "आजी, हातातलं काढा." मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पुढे केले, बोटं आवळून धरली, आणि म्हटलं, "घाल, मावशी." ती हसली. तिचे हात बारीक, कोणाच्याही बांगड्या तिला व्हायच्या. माझे पोती उचलणाऱ्याचे. बांगड्या अंगठ्याशी अडल्या. तिने नर्सकडून साबण मागितला, फेस केला, आणि हळूहळू दाबत, माझी हाडं मोडतील की काच मोडेल अशा बेताने, दोन्ही मोरपंखी माझ्या डाव्या हातात चढवल्या. "फोडू नको," म्हणाली.

मी व्हरांड्यात हात उलटे ठेवून बसले. काय विचारायचं ते ठरलेलं होतं. तिचं बोट कुठे जाईल याचीही मला खात्री होती.

ते विचारायची वेळ आली नाही. टेबलावरच तिचं हृदय थांबलं.

तिची मुलगी आली तेव्हा मी हात पुढे केला आणि सगळं सांगितलं. तिने बांगड्यांवरून बोट फिरवलं. आम्ही दोघींनी साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. त्या निघत नाहीत. ती म्हणाली, "राहू द्या, काकू. फोडायच्या नाहीत."

कणीक मळताना मी त्या वर सरकवते. मिलमध्ये डावा हात पोत्याला लागू देत नाही. बिरश्याकडच्या त्या पोरीचं नाव काय, तिला लेकरं किती, ती आता कोणाला आई म्हणतात, हे मी मावशीला विचारलंच नाही. माझ्या हातात तिचा एवढाच हिशेब आहे. पुढे कधी मलाही एखाद्या दारात नर्स म्हणेल, सब उतारो. मी काय सांगणार, ते अजून ठरलेलं नाही.