आधी पंखा बंद करा

प्रसादाचा पेढा मधोमध फोडून, आत डोकावून, मगच तोंडात टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे निकमकाका. तपासणी झाली की दोन्ही तुकडे कपाळाला लावायचे, डोळे मिटून मनापासून नमस्कार करायचे आणि मग खायचे. "काका, देवाचा प्रसाद तरी सोडा हो," असं कुणी म्हटलं, की म्हणायचे, "देवानं दिला खरा, पन वळला हलवायानं. मी हलवायाला तपासतोय."

काका मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं नवी मुंबईत महाप्याच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. निवृत्त होऊन ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आले, पण गेट काही त्यांना सोडून गेलं नाही. रिक्षात बसण्याआधी ते तिच्याभोवती एक चक्कर मारायचे. बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, तर दिवसभर अस्वस्थ. "ह्यांना काय एवढं प्रेम आलंय?" सोसायटीच्या वॉचमनने सलाम ठोकला तर थांबून विचारायचे, "आज का रं एवढा वाकलास?" बिचारा दुसऱ्या दिवशी वाकला नाही, तर त्याचंही कारण विचारलं.

असा माणूस एका आध्यात्मिक मासिकाच्या संपादक मंडळात कसा आला, ती हकिकत मोठी गोड आहे. आमच्या सेक्टरमधल्या निर्मलाताई निवृत्त शिक्षिका. त्यांनी हौसेने एक ऑनलाइन मासिक सुरू केलं. लेख त्या मिळवायच्या, मी ते वेबसाइटवर चढवायचो. एकदा आम्ही एका वाचकाचा अनुभव छापला. घरातल्या तसबिरीतून आपोआप अंगारा पडतो, असा. दोन दिवसांनी ताईंच्या दारात काका उभे. हातात त्या लेखाची छापील प्रत, कपाळावर आठ्या.

"ह्यो तुमी छापला?"

"हो. का?"

"मी बघून आलो. फोटोच्या वर फळी हाय, फळीवर उदबत्तीचं घर हाय, आन शेजारची खिडकी उघडी. अंगारा पडंल न्हाई तर काय पाऊस पडंल?"

मला वाटलं, आता ताई दार लावणार. ताईंनी दार पूर्ण उघडलं. "आत या. आमच्याकडे श्रद्धाळू पुष्कळ आहेत, संशयी एकही नव्हता. चहा घेणार?" काकांनी चहाचा वास घेतला, घोट घेतला आणि ते मंडळात दाखल झाले. तेव्हापासून आमच्याकडचे चमत्कार निम्म्याहून कमी झाले आणि वाचक मात्र वाढले. "दिवा आपोआप लागला म्हनतोय. वायरमनला इचारलं का?" असा शेरा मारून ते लेख परत पाठवायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुमचा देवावर विश्वास तरी आहे का?" ते दुखावले. म्हणाले, "देवावर हाय म्हनून तर मधल्या मानसावर न्हाई."

आता अडचण होती नावाची. मासिकाचं नाव होतं 'सेक्टर सातचा सत्संग'. सुरुवातीला वाचक सेक्टर सातमध्येच राहत असल्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे नांदेडहून, बेळगावहून, अगदी मस्कतहूनही पत्रं यायला लागली. एका बाईंनी विचारलं, "सेक्टर सात म्हणजे योगातली कुठली अवस्था?" ताई खूप हसल्या आणि म्हणाल्या, नाव बदलायला हवं. त्यांच्या मनात एक नाव होतं, 'टाळकरी'. "आपण काही कीर्तनकार नाही. आपण मागे उभे राहून ताल धरणारे."

पण ताईंच्या समोर नावापेक्षा मोठा प्रश्न होता. त्यांची नजर जात चालली होती. अक्षरांच्या मधोमध काळा ठिपका दिसायचा. लेख वाचणं जवळजवळ थांबलं होतं. पुढचं सगळं सांभाळणारं कुणी मिळालं नाही, तर दिवाळीच्या अंकानंतर मासिक बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हे सांगताना त्या हसत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

आणि नेमके त्याच आठवड्यात आनंदजी उगवले.

आनंदजींचं बेलापूरला काचेच्या इमारतीत ध्यानकेंद्र होतं. पांढरा झब्बा, आवाज असा की वाटावं, माणूस बोलत नाही, मलम लावतोय. ते मासिक सांभाळायला तयार होते. माणसं देणार, ॲप काढणार, ताईंचं नाव संस्थापक म्हणून कायम राहणार. त्यांची एकच नम्र सूचना होती, नाव 'आनंदवाट' ठेवावं.

"तुमच्या नावावरून?" काकांनी विचारलं.

"छे छे! आनंद म्हणजे परमानंद," आनंदजी कानाच्या पाळ्यांना हात लावत म्हणाले.

"मंग 'परमानंदवाट' ठिवू की."

आनंदजी हसले. निकमकाका हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बेलापूरला जाऊन मोफत ध्यानाला बसले. सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा ह्यांनी उघडे ठेवले. चपलांचं कपाट बघितलं, पिण्याचं पाणी बघितलं, सफाईवाल्या मावशींना पगार वेळेवर मिळतो का विचारून आले. परतल्यावर चेहरा काळजीने काळवंडलेला.

"काय सापडलं?"

"काय बी न्हाई."

"मग बरंच झालं की!"

"बरं काय, नाटकवाले?" गणपतीत मी नाटक बसवतो म्हणून ते मला असं म्हणत. "ज्याच्या डब्यात काय बी घावत न्हाई, त्याचा डबा दोनदा बघायचा असतो."

ताईंना मात्र हा जाच वाटायला लागला. एकदा त्या चिडून म्हणाल्या, "निकम, तुमच्या संशयाने मासिक चालणार आहे का? कुणीतरी करतो म्हणतंय, तर करू द्या ना."  

शेवटी ताईंनीच तोडगा काढला. त्यांचं माहेर कोकणातलं. तिथे लग्नापासून म्हैस विकण्यापर्यंत सगळ्यासाठी देवाला कौल लावायची रीत. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक फूल पाण्याने चिकटवायचं, मनातलं विचारायचं आणि थांबायचं. ज्या बाजूचं फूल आधी पडेल, ते उत्तर. "उजवीकडचं पडलं तर आनंदवाट, डावीकडचं पडलं तर टाळकरी," ताई म्हणाल्या. आनंदजींनी हात जोडले. "वा! दैवी निर्णय. माझी काहीच हरकत नाही."

सकाळी आम्ही खाडीकाठच्या दिवाळे गावाच्या बाजूला एका गावदेवीच्या देवळात गेलो. खाडीवरून सुक्या मासळीचा वास येत होता. आनंदजींनी नाकाला रुमाल लावला, काकांनी ते टिपून ठेवलं. पुजारी धर्मादादा इथलाच, गावातला. त्याने फुलं लावली, ताईंनी गाऱ्हाणं घातलं. देऊळ एकदम शांत झालं. इतक्यात काका गरजले, "थांबा! आधी पंखा बंद करा."

"काय?" आनंदजी दचकले.

"पंखा उजवीकडं हाय. वारं सगळं तुमच्या फुलावर. कौल देवी देती का पंखा देतो?"

ताईंनी कपाळाला हात लावला. धर्मादादा हसत बटणाकडे गेला. "मना काय, बंद करतय. पन घामान मरशाल हां. आमची आय कौल देते, पन तिचे टायमान."

पंखा थांबला. फुलं जागच्या जागी. आम्ही उभे. माझा सदरा पाठीला चिकटला. ताई खांबाला टेकून डोळे मिटून बसल्या. काका मांडी घालून असे बसले, जणू रात्रपाळीच लागली आहे. आनंदजींच्या झब्ब्यावर आधी ठिपके उमटले, मग नकाशे. त्यांनी घड्याळ बघितलं. फोन बघितला. पुन्हा घड्याळ. मग धर्मादादाकडे झुकून, त्या मलमासारख्या आवाजात म्हणाले, "जरा... थोडासा हात लावता येत नाही का?"

"कुनाला?" धर्मादादाने विचारलं.

"फुलाला हो. उजव्या."

 काकांनी नुसतं ताईंकडे बघितलं. ताईंनी डोळे उघडले होते.

"एवढी घाई कसली, आनंदजी?" ताईंनी विचारलं.

आणि उकाड्याने म्हणा, देवीने म्हणा, त्या माणसाचा आवाज प्रथमच फाटला. "अहो ताई, रविवारी उद्घाटन आहे! बॅनर छापून झालेत, ॲप तयार आहे, नाव माझ्या केंद्राच्या नावावर नोंदवून झालंय. इथे किती वेळ फुलं बघत बसायचं?"

"मग कौल कशाला लावू दिलात?"

"तुमच्या समाधानासाठी."

ताई सावकाश उठल्या. म्हणाल्या, "समाधान झालं."

आनंदजी तरातरा बाहेर गेले आणि जाताना देवळाचं लोखंडी दार धाडकन आपटलं. त्या हादऱ्यासरशी डावीकडचं फूल खाली पडलं. टाळकरी! मी आनंदाने ओरडलो, धर्मादादाने घंटा बडवली. काकांनी मात्र हात वर केला.

"हे धरायचं न्हाई. दारानं पडलंय."

"काका, अहो, तुमच्याच बाजूचा कौल आहे!"

"म्हनून तर धरायचा न्हाई. आपल्या बाजूचं असलं की जास्ती बघावं लागतं."

 ताई म्हणाल्या, "बरं. देवीला त्रास नको. नाव मीच ठेवते, टाळकरी. पण निकम, वाचणार कोण?"

काका खाली बघून म्हणाले, "मी वाचून दावीन. फोनवर. रोज. पन शेरे मारनार."

आणि त्यांनी वाचलं. रोज सकाळी फोन लावून, प्रत्येक लेख मोठ्याने, गेटवर हजेरी घ्यावी तसा. पलीकडून ताई हसून काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगायच्या. 'टाळकरी' निघत राहिला. मधे एकदा मी म्हटलं, "काका, आवाज बसलाय, आठवडाभर सुट्टी घ्या." ते म्हणाले, "आन माझ्या जागी कोन वाचनार? तू? तू वाईट लेख बी छान वाचशील. बाई फसतील."

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. कसलीही कुरकुर न करता गेले, याच गोष्टीवर त्यांनी स्वतः नक्की संशय घेतला असता.

आता सकाळचं वाचन माझ्याकडे आहे. मुद्दाम सपाट आवाजात वाचतो. काका गेल्याची बातमी छापली, तेव्हा वाचकांची पुष्कळ पत्रं आली. त्यांत एक लेख होता. लिहिणाऱ्याच्या स्वप्नात म्हणे निकमकाका आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळा, शंका सोड. श्रद्धा ठेव." माझा आवाज भरून आला. मी थांबलो. 

पलीकडून ताईंनी विचारलं, "'शंका सोड' म्हणाले?"

"हो ताई."

"मग ते निकम नव्हेत. दुसरंच कुणीतरी आलं असेल. लेख परत पाठव."