समुद्राकडे तोंड केलेला बाक

मुलीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा एका रविवारी तिनं मला समुद्रकाठच्या गावी नेलं. किनाऱ्यावरच्या बाकाला पितळी पट्टी होती. तिनं वाचून सांगितलं, "आई, या बाईंना इथं बसायला फार आवडायचं. त्या गेल्यावर नवऱ्यानं हा बाक ठेवलाय."

गार वाऱ्यात मी तिथंच बसून राहिले. ह्यांच्या अस्थी नदीत सोडल्या तेव्हा दीर म्हणाले होते, "वहिनी, आता मागे वळून बघू नका." मी बघितलं नाही. शहाण्यासारखी गाडीत जाऊन बसले. इथली माणसं तर बघत बसता यावं म्हणून बाकच करून ठेवतात.

"आई, चल ना, बस चुकेल."

उठले. चार पावलं गेल्यावर, पाच वर्षं उशिरा, मी मागे वळून बघितलं. बाकावर कुणीच नव्हतं.