हाड कशाचं?

दातांच्या दवाखान्यात किस्से न मागता साठतात, कारण तोंड उघडायला आलेला माणूस आधी बोलून घेतो. हसण्यासारखे किस्से मी सगळीकडे सांगत असते. हा मात्र मी आजवर कोणाला सांगितला नव्हता.

जळगावच्या आमच्या क्लिनिकमध्ये वरच्या जबड्याचं हाड पार झिजलेले पेशंट बरेच येतात. त्यांना मी एका दमात तीन रस्ते सांगायचे: हाडाची पावडर भरून काही महिन्यांनी इम्प्लांट, स्वतःच्याच कमरेचं हाड लावून इम्प्लांट, नाहीतर थेट गालाच्या हाडात लांब स्क्रू. नशिराबादच्या अक्का ऐकून म्हणाल्या, "पोरी, तू दात बसाडस का डोकामा खिये ठोकस?" डोक्यात खिळे! मी हसत सुटले आणि त्यांना जुन्या कवळीवरच घरी पाठवलं. पुन्हा समजावून सांगायला मला वेळ नव्हता.

नंतर रावेरकडचे नाना आले, केळीवाले शेतकरी. त्यांना भाकरी चावायची होती, एवढंच.

"पावडरीतलं हाड कशाचं?"

"कंपनीचं. नाना, तुम्हाला दात हवेत की चौकशी?"

नानांनी खाली बघत सही केली. आम्ही पावडर भरली.

पंधरा दिवसांनी धुळ्याचे एक चाचा, टेलर. पावडरीवर झाकायच्या पातळ पडद्याचं खोकं हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बेटी, हे कशापासून बनवतात?" पुन्हा तेच! त्यांना गप्प करायला मी खोक्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. डुक्कर. मग पावडरीचं खोकं उचललं. गाय.

चाचांनी खोकं हळूच टेबलावर ठेवलं. "आम्हाला वाटायचं, डॉक्टर लोक वाचूनच लावतात."

मी तणतणत क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांच्या, आमच्या सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, "इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही गं."

"नानांनी विचारलं होतं," मी म्हणाले.

नानांना बोलावून मी सगळं सांगितलं. गालाच्या स्क्रूला ही पावडर लागलीच नसती, हेही. या वेळी एका दमात जमलं नाही.

"काढता येईल?"

"नाही. आता ती तुमच्या हाडात मिसळत चाललीय."

"बरं," म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि निघाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची तपासणी होती. येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नाना, पोळा कसा झाला?"

"झाला. यंदा बैलांना पुरणपोळीचा घास भावाच्या हातून दिला."

मग ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी तोंड उघडलं.