मोडा, सोडा आणि रंगाचे चार हात

आमच्या हॉलच्या एका भिंतीला मी सहा दिवसांत रंगाचे चार हात दिले, आणि त्यानंतर ती पूर्वीपेक्षा स्पष्ट वाचता येऊ लागली.

भिंत वाचता का येत होती, ते आधी सांगते. कॉलेजात असताना मी हळदीकुंकवाविरुद्ध मोर्चा काढला होता. (मोर्चात आम्ही सात जणी. त्यातल्या दोघी क्लासला जाताना वाटेत मोर्चा लागला म्हणून आल्या.) विधवांना वगळणारा समारंभ आम्हाला नको, हे माझं म्हणणं. त्याचं कापडी बॅनर मी हॉलच्या भिंतीवर ताणून लाल ऑइलपेंटनं रंगवलं. कापड पातळ, आवेश दाट. बॅनर काढलं, तर तीच घोषणा भिंतीवर: 'भेद मोडा, हळदीकुंकू सोडा!' आईनं कपड्यांचं कपाट ओढून घोषणेसमोर उभं केलं आणि सहा वर्षं विषय मिटला.

यंदा त्या कपाटाला वाळवी लागली! कपाट गेलं, घोषणा उघडी पडली, आणि येत्या रविवारी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू. शहर हिंदी असलं, तरी तेलीबांध्याच्या आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या मराठी बाया येणार.

"रविवारच्या आत हे गेलं पाहिजे," आई म्हणाली. "मले एक अक्षर दिसलं नाही पाहिजे."

"माझी भूमिका आजही तीच आहे."

"भूमिका ठेव तुझ्यापाशी. भिंत साफ कर."

सोमवारी सकाळी रंगारी संतराम भैया आले. त्यांनी लाल अक्षरावर नख घासलं आणि मान हलवली. "दीदी, ये ऐसे नहीं दबेगा. पहले घिसेंगे, फिर प्राइमर, फिर रंग."

"प्राइमर बाद में दिखेगा?"

"नहीं दीदी, वो तो अंदर रहता है."

आता माझं बालपण कसं गेलं, हे संतराम भैयांना काय माहीत! माझे बाबा रेल्वेत क्लार्क आणि युनियनचे पत्रकलेखक. इतर मुलं 'अ अननसाचा' शिकली. मी 'अ अन्यायाचा' शिकले. जी वस्तू दिसत नाही पण विकत मात्र घ्यावी लागते, तिला मी लांबूनच ओळखते. "ये बाज़ार की चाल है, भैया!" इथपासून सुरुवात करून मी थेट कंपन्यांपर्यंत पोहोचले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी मान डोलावून "हव दीदी" म्हणाले, सायकलला टांग मारली आणि भनपुरीतल्या एका गोदामाचं काम धरलं. (गोदाम बोलत नाही.)

मी स्वतः जाऊन क्रीम रंगाची बादली आणली. झाकणाला एक छापील कागद चिकटवलेला होता. कंपनीचं पत्रक! बाजाराची भाषा वाचायला मला वेळ नव्हता. आमच्या हॉलमधल्या टेबलाचा एक पाय तोकडा आहे. कागदाची आठ पदरी घडी त्याखाली बरोब्बर बसली.

झाकण उघडताच बाबा पुढे सरसावले. "घट्ट आहे हे. पाणी टाक."

बाबांनी जन्मभर पत्रकं चिकटवली आहेत, त्यामुळे मैद्याची खळ हा त्यांचा अभ्यासाचा विषय. खळ पातळ ठेवली की एका बादलीत अख्खं स्टेशन होतं, हा त्यांचा अनुभव. त्यांनी एक लोटा ओतला. मग दुसरा. मग तिसरा.

"बाबा, हे ताक झालं!"

"पसरलं पाहिजे ना! विचार असो का रंग, पसरला पाहिजे!"

हे वाक्य ऐकून मी भारावले. (संस्कार! दुसरं काय?)

पहिला हात ओला होता तोवर भिंत अशी दिसत होती, की मी फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला: 'आपलं घर, आपले श्रम!' तासाभरात आईचा आवाज आला.

"काहून वं, हे गुलाबी गुलाबी काय दिसून राहिलं?"

'भेद मोडा' वर येत होतं. 'सोडा' मागोमाग होतंच. मी घाईघाईनं दुसरा हात सुरू केला. पहिला अजून ओला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. रोलरच्या मात्र आलं होतं. तो जाईल तिथला पहिला हात सोलून सोबत घेऊन येत होता! बुधवारी तिसरा दिला. त्यातही बाबांचे तीन लोटे. वाळल्यावर घोषणा तळ्याच्या तळाशी दिसावी तशी दिसू लागली.

गुरुवारी आई स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"रविवारी कोण येऊन राहिलं, माहीत आहे तुले?"

"सगळ्याच."

"देशकर काकू येऊन राहिल्या."

देशकर काकू आमच्या शेजारच्या. हिंदीच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. चार वर्षांमागे काका गेले, तेव्हापासून संक्रांत आली की त्या दार लावून घेतात.

"तीनदा गेली मी, तीनदा नाही म्हणाल्या," आई म्हणाली. "चौथ्यांदा म्हणाल्या, येतो. पण माझ्यावरून भाषण नको, तमाशा नको, चारचौघींसारखं बसू दे. अन् तू भिंतीवर लिहून ठेवलं! दारातूनच वापस जाईन ते बाई."

वीस पानी पत्रक मी एका बैठकीत लिहू शकते. सहा वर्षं मी या विषयावर पेटलेली होते. काकूंच्या दारापर्यंतची वीस पावलं काही मी चालले नव्हते.

शुक्रवारी मी बाबांना बादलीपासून दूर ठेवलं. तळाशी दाट रंग उरला होता. तो लहान ब्रशनं फक्त अक्षरांवर भरला. काना, मात्रा, उद्गारचिन्ह, सगळं जपून. शनिवारी वाळलं, आणि लाल पूर्ण गेलं होतं! मी आनंदानं खिडकी उघडली. उन्हाची तिरीप भिंतीवर पडली, आणि पातळ क्रीमवर जाड, फुगीर, चकचकीत क्रीममध्ये उमटलं: 'भेद मोडा, हळदीकुंकू सोडा!' इतकं सुबक अक्षर मी आयुष्यात काढलं नव्हतं.

बाबांनी भिंतीवरून बोट फिरवलं. "डोये मिटूनही वाचता येते. पंडरीच्या बाजारातून पडदा आणू का?"

"खिळा ठोकाल तर सगळंच खाली येईन," आई म्हणाली.

रविवारी मी टेबल सरकवून भिंतीपुढे घेतलं, त्यावर तिळगुळाचं ताट ठेवलं आणि मागे हात पसरून स्वतः उभी राहिले. "बस ना वं," बाया म्हणत होत्या. "पाठ धरली आहे," मी म्हणत होते. काकू सगळ्यांत शेवटी आल्या. आईनं काही न बोलता, जशी सगळ्यांना लावली तशीच त्यांना हळद-कुंकवाची बोटं लावली. काकू टेबलाशी बसल्या. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात टेबल डुगडुगलं. सरकवताना सैल झालेली पायाखालची घडी निसटली होती! ताट धरायला मी वाकले, आणि माझ्या मागची घोषणा काकूंच्या पुढ्यात उभी राहिली.

आईचा तिळगुळाचा हात हवेत. काकूंनी भिंत वाचली. मग खाली वाकून ती घडी उचलली, उलगडली (शिक्षिका! छापलेलं दिसलं की वाचणारच), चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं वाचू लागल्या:

"'पुराने ऑइल पेंट को घिसकर पहले प्राइमर अवश्य लगाएँ. पानी अधिक न मिलाएँ. एक कोट पूरा सूखने पर ही दूसरा लगाएँ.'" चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोट्टे, हे वाचलं नव्हतं?"

"नाही काकू."

"काहून?"

"मला वाटलं," मी म्हणाले, "पत्रकं कोण वाचतं!"

पहिल्यांदा काकू हसल्या. मग आई, मग अख्खा हॉल. काकू गेल्या नाहीत. उलट भिंतीकडे तोंड करून त्यांनी तीन तिळगुळ खाल्ले.

लोक माझी पत्रकं न वाचता त्यात भेळ बांधतात, म्हणून मी आजवर किती संतापले असेन! त्यांची निदान भेळ तरी सांडली नाही. माझं तर टेबलसुद्धा डुगडुगलं.