घुले आबांचं परीक्षा केंद्र

मांजरी गावच्या पोपटराव घुल्यांनी चौतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून काढली, आणि शाळा आपणच चालवतो हा त्यांचा समज एकाही मुख्याध्यापकाला दूर करता आला नाही. घंटा त्यांच्या हातात होती ना!

त्यामुळे नात वैष्णवीनं कॉलेजात नाव न घालता घरीच अकरावीचा अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात कष्टी झाले ते पोपटराव. सून सोनालीनं समजावलं, "आबा, ही घरी अभ्यास करेल आणि पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसेल."

"बसंल की. पण घंटा कोण देनार?"

सगळे हसले. पण घोडं अडलं ते नेमकं तिथंच. वैष्णवीला शहरातल्या चांगल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकायचं होतं, म्हणजे बारावीला भरपूर मार्क हवे होते. तिला येत सगळं होतं, फक्त पेपर पुरा होत नसे. दहावीच्या गणितातही बारा मार्कांचं सोडून आली होती. घरी तर तीन तासांचा पेपर दोन दिवस चाले. मध्ये कुरियरवाला येई, शेजारचं मांजर येई, आणि या दोघांपेक्षा जास्त वेळा आजी, म्हणजे शकूबाई, येई.

"आबा, मला प्रॉपर टायमिंगची सवयच नाहीये," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "असंच चाललं तर कसलं कॉलेज मिळतंय!"

दुसऱ्या दिवशी पोपटरावांनी ट्रंकेतला खाकी शर्ट बाहेर काढला. मागच्या खोलीतलं गव्हाचं पिंप सरकवलं, टेबल भिंतीकडे तोंड करून लावलं, पुरवण्या बांधायला पांढरा दोरा ठेवला, मोबाइल जप्त केला आणि पितळी ताट न् लाटणं घेऊन दारात स्टूल टाकलं.

तासाभरात शकूबाई मेथीची जुडी घेऊन आल्या.

"भाईरच्या मान्साला केंद्रात परवेश न्हाई," पोपटराव म्हणाले.

"अहो, माझ्याच घरात मी बाहेरची? मग चहासुद्धा बाहेरच प्या."

दर अर्ध्या तासाला ताट वाजत होतं. शेवटच्या ठोक्याला वैष्णवीचा दीड प्रश्न राहिला होता.

"आबा, फक्त पाच मिनिटं! प्लीज! उत्तर आलंच आहे!"

पोपटरावांचा हात क्षणभर थबकला. मग त्यांनी पेपर ओढून घेतला.

पोरगी दोन दिवस बोलली नाही. शकूबाईंनी चहातली साखर बंद केली. "लेकरापुढचा पेपर ओढता? शोभतं का तुम्हाला?"

"तितं कुनीतरी वढनारच हाय," पोपटराव भिंतीकडे बघत म्हणाले. "त्यापरीस मी वढलेला बरा."

तिसऱ्या दिवशी वैष्णवी आपणहून त्यांच्यापाशी येऊन बसली. "आबा, तुम्ही इतकी वर्षं हॉलमध्ये मुलं बघितलीत. पेपर पुरा करणारे काय करतात हो?"

अभ्यासातलं काही पोपटरावांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते सावरून बसले. "अडलं की जागा सोडून फुडं जात्यात. तू बसतीस एकाच गनितावर अंडी उबवत."

पुढच्या पेपराला एकच प्रश्न राहिला, त्याच्या पुढच्याला अर्धा. आणि चौथ्या पेपराला घड्याळात सात मिनिटं शिल्लक असताना वैष्णवी खुर्चीतून उडालीच. "आबा! झाला! सगळा झाला!"

"खाली बस."

"अहो, पूर्ण झालाय!"

"शेवटच्या धा मिनिटांत कुनाला भाईर सोडत न्हाईत."

"आबा, आपण दोघंच आहोत इथं!"

"म्हनून नियम बदलतो व्हय?"

वैष्णवी तोंड दाबून हसत खाली बसली. पोपटरावांना उठून तिला जवळ घ्यायचं होतं, सोनालीला हाक मारायची होती, आणि शकूबाईंना तर अगदी स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं होतं. पण ते लाटणं गच्च धरून, हसू फुटू नये म्हणून मिशी चावत, पुढची सात मिनिटं घड्याळाकडे बघत बसून राहिले.